मन्हा हंडा खाली शे

आबा,

काल गावातून तिघं जण आले होते, तुमचा फोटो मागायला. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की त्यातल्या दोघांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. पण गावात पाण्याची नवी टाकी झाली आहे, तिला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, आणि नावाशेजारी फोटो हवा, फेटा बांधलेला असला तर फारच उत्तम. शिवाय मी चार ओळी लिहून द्याव्यात, कारण एक तर मी जन्मभर मास्तरीण, आणि दुसरं म्हणजे मेंबरची पोरगी. "ताई, आबासाहेबांनी गावासाठी काय काय केलं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत?" त्यातला एक म्हणाला. खरं बोलला बिचारा. मी त्यांना चहा दिला, फोटो शोधून ठेवते म्हटलं, आणि ते गेल्यावर कागद घेऊन बसले तर चार ओळींच्या जागी हे सुरू झालं. फोटो सापडला नाही असं उद्या त्यांना सांगणार आहे. कपाट मी उघडलेलं नाही.

हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे. घरात आपण सगळे अहिराणी बोलायचो, तुम्हीसुद्धा, पण मेंबर झाल्यावर तुमच्या तोंडात ही दुसरी भाषा आली आणि तुम्हाला ती फार आवडली. ओट्यावर चार माणसं बसली की तुमचं "शे" जायचं आणि "आहे" यायचं. तेव्हा तुमच्याशी तुमच्या ओट्यावरच्या भाषेतच बोलते. मायचं बोलणं मात्र तिचं तिच्या तोंडी राहू देते, त्याचं तुम्ही जे करायचात ते मला करायचं नाही.

तुम्ही जिल्हा बोर्डाचे मेंबर झालात तेव्हा मी पाटी पुसायला थुंकी वापरायच्या वयाची होते. आपलं नंदुरबार तेव्हा धुळ्याकडे. कागद हलायचा तो धुळ्याला, आणि तुम्ही सारखे धुळ्याला. पुढे बोर्ड गेलं, जिल्हा परिषद आली, तुम्ही तिथेही निवडून गेलात. त्या दहा-बारा वर्षांत तुम्ही गावात काय आणलंत ते मी नाकारणार नाही. खोटं न बोलायची मला सवय आहे, ती तुमच्याकडून लागली असं लोक म्हणतात. आधी नंदुरबारपर्यंतची सडक. त्याआधी पावसाळ्यात गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतायची आणि मिरच्यांची पोती बाजारात पोचेपर्यंत अर्धी काळवंडायची. मग नाल्यावर फरशीचा पूल. मग शाळेच्या खोल्या, कौलारू, खिडक्यांना गज असलेल्या. मग दवाखान्याची इमारत. मग नळ, आणि सगळ्यात शेवटी वीज. कोरीटच्या बाजूची माणसं आपल्या गावाकडे बोट दाखवून म्हणायची, मेंबर असावा तर असा. तुम्ही कोणाकडून चहाशिवाय काही घेतलं नाही, हेही खरं. आणि तो चहासुद्धा बहुतेक आपल्याच घरचा असायचा.

आता त्या चहाविषयी बोलू. तुमच्या सुधारणा गावात येण्याआधी आमच्या चुलीवरून यायच्या, आबा. सडकेची पाहणी करायला साहेब आले, जेवायला आपल्याकडे. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले, आपल्याकडे. जीप आली की गल्लीतली पोरं तिच्यामागे पळायची आणि माय चुलीकडे पळायची. एकटा साहेब कधी आला का? साहेबाबरोबर ड्रायव्हर, ड्रायव्हरबरोबर शिपाई, आणि त्यांना वाट दाखवायला वाटेवरच्या गावातले दोघं. तुम्ही ओट्यावरून आवाज द्यायचात, "चहा ठेव," आणि तासाभराने, "जेवूनच जातील." साहेब देशावरचा असला तर त्याला खापरावरची पुरणपोळी दाखवायची तुम्हाला हौस. ती हातावर पसरून खापरावर टाकताना मायचे हात कोपरापर्यंत भाजायचे आणि बाहेर तुम्ही सांगायचात की आमच्या खानदेशात लाटणं लागत नाही. सडक झाली तेव्हा गावाला वाटलं, चला, सुटलो. आम्हाला काय मिळालं? सडक झाली आणि पाहुणे वाढले.

पाहुणे वाढले म्हणजे पाणी वाढलं. गावच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ, त्यात डाळ शिजायची नाही आणि साहेबांच्या घशाखाली उतरायचं नाही. तेव्हा पाणी तापीचं. काठाची ती चढण तुम्हाला आठवते का, मला शंका आहे, कारण तुम्ही ती हंडा घेऊन कधी चढला नाहीत. चैत्र लागला की पात्र लांब जायचं. मग वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीने हंडा भरायचा, फडकं लावून गाळायचा, आणि डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेला तिसरं, असं वर यायचं. मी लहान कळशी घेऊन तिच्यामागे. श्रमदानाच्या आठवड्यात तर तुम्ही तिला सडकेवर मुरमाच्या पाट्या टाकायलाही नेलंत, कारण मेंबरची बायको आली नाही तर लोक काय म्हणतील. ती आली. पाट्या टाकल्या, घरी येऊन श्रमदानवाल्यांचा स्वयंपाक केला, आणि त्या स्वयंपाकाच्या पाण्यासाठी पुन्हा नदीवर गेली. तुम्ही त्या दिवशी स्त्रियांच्या सहभागावर बोललात.

एक दिवस नळाच्या कामाचे ओव्हरसियर आले. तरुण होते, देशावरचे, बोलणं मऊ. नदीकाठी विहीर, तिच्यावर इंजिन, गावात एक टाकी आणि चार ठिकाणी नळ, असं काम मंजूर झालं होतं, आणि नळ कुठे कुठे बसवायचे ते ठरवायला ते गल्लीगल्लीतून फिरून आपल्या ओट्यावर टेकले होते. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तो संपला, त्यांनी आणखी मागितलं. आणि माजघराच्या दाराआडून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, जी बाई परक्या पुरुषासमोर खोकायचीसुद्धा नाही ती माझी माय बोलली. "साहेब, मन्हा हंडा खाली शे."

ते साहेब उठले. बिचाऱ्यांनी ओट्याच्या पायरीखाली वाकून पाहिलं, मग नदीच्या उताराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "खाली राहिलाय का? थांबा बाई, मी माणूस पाठवतो, वर घेऊन येईल." तुम्ही हसलात. तुम्ही इतके हसलात की तुमचा फेटा सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांना समजावलंत, की साहेब, आमच्या बोलीत खाली म्हणजे रिकामा. साहेबही हसले, पण थोडंसंच, आणि लगेच विचारलं, "म्हणजे घरात पाणी नाही का?" त्यांना कळलं होतं, आबा. भाषा कळली नव्हती पण बाई कळली होती. त्यांनी हातातली काठी पुढे करून दाखवलं, की पाइप तर तुमच्याच दारावरून जाणार आहे, या कोपऱ्यावर एक नळ सहज बसतो. आणि तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "नको साहेब. पहिले गाव, मंग घर." हे एवढं मात्र अहिराणीत म्हणालात. ऐकायला छान लागतं म्हणून.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. हंडा त्या दिवशी रिकामा नव्हता. सकाळी आम्ही दोघींनीच भरून आणला होता, गळ्यापर्यंत भरलेला होता, वर ताट झाकलेलं होतं. मी तांब्या त्यातूनच तर भरला होता. माय ठरवून बोलली होती. साहेब नळाचे आहेत हे तिला कळलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या माणसापुढे तिने तिची मागणी मांडली, तिला जमली तशी, चार शब्दांत. अर्ज म्हणा हवं तर. तिच्या आणि त्या साहेबाच्या मध्ये दोन्ही भाषा जाणणारं माणूस एकच होतं, आणि ते हसत होतं.

चार नळांपैकी पहिला तुम्ही भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, बसवायला लावलात. गावात केवढी कुरकुर झाली, काही जण तुमच्याशी बोलेनात, तुम्ही हटला नाहीत. हे तुमचं मी आजही मानते. ज्यांना विहिरीवर काठावर उभं राहून कोणीतरी ओतेल तेव्हा पाणी मिळायचं त्यांना नळ आधी मिळाला, हे चांगलंच झालं, आणि मायनेही त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. पण राहिलेले तीन? एक चावडीपाशी, एक देवळापाशी, एक वरच्या आळीत. आपली गल्ली राहिली. पुढच्या खेपेला, म्हणालात. पाइपासाठी आपल्या दारापुढे चर खणला, त्यावर फळी टाकली, आणि ती फळी ओलांडून माय हंडा घेऊन नदीला जायला लागली. चर बुजवला तेव्हा आमच्या उंबऱ्याबाहेर जमिनीखालून पाणी वाहत होतं. देवळापाशीच्या नळावर गेलं तर तिथल्या बायका रांगेत मागे उभं करायच्या आणि वर चिडवायच्या, "काय व मेंबरीन, तुले नळ दिना नही का तुन्हा मालकनी?" माय हसायची. एकदा गेली, दोनदा गेली, मग जायची बंद झाली.

त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले होते. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी. पोट दिसायला लागलं होतं आणि नदी फार लांब गेली होती. भिलाटीतली एक बाई आपल्या वावरात निंदणीला यायची, तिने एका सकाळी वाटेत, त्यांच्या नळापाशी, मायला अडवलं. "आठेच भर ना माय, नदीवर काबरं जास?" तिने स्वतःची घागर बाजूला केली आणि मायचा हंडा नळाखाली लावला. उचलूनही दिला. माय घरी आली तेव्हा तिचा चेहरा काय झाला होता, आबा. तिने कळशीभर पाणी नुसतं तोंडावर मारून घेतलं, उगाचच, इतकं पाणी होतं म्हणून. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच गेली, तिसऱ्याही. मग कोणीतरी तुमच्या कानावर घातलं.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडणं तुमच्यात नव्हतं. ओट्यावर ग्रामसेवक बसले होते, त्यांच्यादेखत तुम्ही मायला बाहेरूनच सांगितलंत, की तो त्यांच्या हक्काचा नळ आहे, आपण मोठ्या घरच्यांनी त्यात वाटा मागायचा नसतो. ग्रामसेवकांनी मान डोलावली. मलाही क्षणभर वाटलं, बरोबर बोलतात आबा. ग्रामसेवक गेले. तुम्ही आत आलात आणि दुसऱ्या आवाजात म्हणालात, "भिलाटीनं पानी पितंस मेंबरना घरमा, हाई ऐकाले लावशी का मले?" आणि तुम्ही तो हंडा स्वतः उचललात. जन्मात पहिल्यांदा. अंगणात नेऊन ओतलात. कोंबड्या धावत आल्या. मग तो मायपुढे ठेवलात आणि राखेने घासून घे म्हणालात. ज्या लोकांना नळ दिलात त्या लोकांचा हात लागला म्हणून. एक कारण ओट्यावरचं आणि एक कारण माजघरातलं, दोन्ही तुमच्याजवळ तयार असायची, आणि दोन्ही तुम्हाला मनापासून खरी वाटायची. तिथेच तर माझं डोकं फिरतं. तुम्ही ढोंगी असतात तर सोपं होतं.

तिने हंडा घासला. मी शाळेत गेले, तुम्ही बांधलेल्या शाळेत, आणि तुम्ही धुळ्याला मीटिंगला गेलात. दुपारी ती नदीवर गेली. चढणीवर भरल्या हंड्यासकट पडली.

तिला बाजेवर घालून वर आणली ते मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. आधी मला कळलंच नाही की कोण आहे. मग लुगडं ओळखलं. कोणी म्हणालं दवाखान्यात न्या. दवाखान्याची किल्ली आपल्याच घरी, देवघराच्या खिळ्याला, कारण इमारत झाली होती, उद्घाटनाची पाटी बसली होती, डॉक्टर मात्र यायचा होता. मी पळत जाऊन किल्ली आणली. कुलूप उघडलं. आत नव्या चुन्याचा वास, एक टेबल, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र. तिला त्या टेबलावर निजवलं आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. करणार काय होते? बायांनी पदराने वारा घातला. मग गाडी जुंपली आणि नंदुरबारला नेलं. सडक चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. गाडीला हिसके बसले नाहीत. मी मायचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या मनात तेव्हाही आलं होतं, की ही आबांची सडक आहे. मुलगा होता. नंदुरबारला पोचायच्या आधीच गेला होता, असं तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. खाटेजवळ बसलात, देवाची मर्जी म्हणालात, आणि तुमचा आवाज खरोखर कापत होता, मी ते विसरलेले नाही. पण महिन्याभरात तुम्ही तेच दुःख उचलून मीटिंगला नेलंत. भर सभेत उभं राहून म्हणालात, की माझ्या घरात हे घडलं, उद्या कोणाच्याही घरात घडेल, आमच्या गावाला डॉक्टर द्या. डॉक्टर आला. पुढे त्याने कितीतरी बाळंतिणी वाचवल्या. आता यावर मी काय बोलायचं? वाचलेल्या बायांकडे पाहून मी गप्प बसावं, हेच तुमचं म्हणणं असणार. मी गप्पच बसले होते. फक्त तुम्ही एकदा तरी मायला विचारायचं होतंत, की तुझं पोर मी सभेत नेऊ का.

डॉक्टर रुजू झाला त्याचा समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. दिवेलागणीची वेळ, गॅसबत्त्या लावलेल्या, साहेब लोक खुर्च्यांवर, बाया एका अंगाला जाजमावर. माय मला टेकून बसली होती, तिला अजून नीट बसवत नव्हतं. तुम्ही रंगात आला होतात. सडकेची गोष्ट सांगितलीत, चिखलात अडकलेली साहेबांची जीप बैलांनी ओढून काढली ती गोष्ट सांगितलीत, लोक हसले. आणि मग तुम्ही हंड्याची गोष्ट काढलीत. ती तुम्ही तोवर किती ओट्यांवर, किती गावांत सांगितली होती कोण जाणे, तुमच्या तोंडात ती गुळगुळीत झाली होती. ओव्हरसियर कसे वाकले, कसे पायरीखाली बघायला लागले. मायचा आवाज तुम्ही काढलात, बारीक, नाकातला, पदर ओढल्याची नक्कल करून. "साहेब, मन्हा हंडा खाली शे." अख्खं पटांगण हसलं. बायासुद्धा हसल्या, मग आपल्या जाजमावरच्या दोघी-तिघी एकदम थांबल्या.

माय उठली. उठायला तिला वेळ लागला, तिने माझ्या डोक्यावर भार दिला. तुम्ही तिकडून पाहिलंत, आणि मला वाटतं तुम्ही समजलात की तिला लघवीला जायचं आहे. घरी आल्यावर तिने चूल पेटवली, परात घेतली, कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ मळायला बसली. साहेब लोक जेवायला येणार होते ना. मळता मळता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी काय हासासाठे सांगं व्हतं?" एवढंच. भाकरी झाल्या. तुम्ही सगळे आलात, जेवलात, कळण्याची भाकरी साहेबांना फार आवडली.

आपल्या गल्लीत नळ आला तेव्हा मी लग्नाची झाले होते. तुम्ही नारळ फोडलात आणि मायला हाक मारून म्हणालात, पहिला हंडा तू भर. सगळ्या गल्लीसमोर. "पहिले गाव, मंग घर. व्हयनं का नही?" ती आली, तिने भरला, उचलला. तोवर तिची मान एका बाजूला झुकलेली राहायला लागली होती, ओझं नसलं तरी. ती हंडा घेऊन आत गेली आणि तुम्हाला वाटलं, झालं, फिटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर फार दिवस तुम्ही राहिला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा नदीच्या वाटेवर माणूस मावत नव्हता, भिलाटीतले सगळे आले होते, म्हातारे ढसाढसा रडले, गावचा बाप गेला म्हणाले. माझा कोण गेला ते मला त्या गर्दीत ठरवता आलं नाही.

माय पुढे माझ्याकडे नंदुरबारला आली, शेवटपर्यंत राहिली. स्वयंपाकघरातच नळ होता. ती तो पुन्हा पुन्हा घट्ट बंद करायची, थेंबही गळू द्यायची नाही. एकदा मी विषय काढला होता. आबांनी तुझे किती हाल केले, अशी सुरुवात केली, तर तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "त्यासले काही म्हनू नको." आवाज असा, की मी चाळिशी उलटलेली बाई, शाळेत पोरं मला टरकून असायची, मी मुकाट्याने भाजी निवडायला लागले. आणि वर कहर म्हणजे तीच माझ्या पोरांना तुमच्या गोष्टी सांगायची. चिखलातली जीप, बैल, पाटलून गुडघ्यापर्यंत वर घेतलेला साहेब. सांगता सांगता इतकी हसायची की पदराने डोळे पुसायची. हंड्याची गोष्ट तेवढी तिने कधी सांगितली नाही. पोरांनी ती गावात दुसऱ्या कोणाकडून ऐकली आणि घरी येऊन तिलाच सांगायला लागली, तेव्हा ती उठून देवापुढे वात लावायला गेली, उजेड असताना.

तर आबा, टाकीला तुमचं नाव लागेल. लागू द्या, मी आडवी येणार नाही. चार ओळीही देईन लिहून, सडक, शाळा, दवाखाना, नळ, सगळं त्यात येईल, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नसेल. हे बाकीचं मात्र मी कोणाला देणार नाही, तुम्हालाही नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे. माय आता तुम्ही आहात तिथे असेल, तुमच्याशेजारीच बसलेली असेल, आणि तिला तर वाचता येत नाही. धुळ्याहून, कुठून कुठून घरी आलेलं प्रत्येक पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवायचात, तुमच्या पद्धतीने, मधलं गाळून, आवाज काढून. हेही तसंच वाचाल. पोरगी बघ काय लिहिते म्हणाल, माझी नक्कल कराल. आणि ती हसेल, आबा. तुमच्याकडे बघून, डोळ्यांना पदर लावून हसेल. ते मला सहन व्हायचं नाही.